गाव सुटताना, नोकरी संपताना, माणूस गेल्यावर काय वाचावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातल्या एका पेठेच्या वाचनालयात देवघेवीचं टेबल मी सांभाळते. सभासद तिथे पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे उत्तरांसह एकत्र केलं आहे. पुस्तकं बहुतेक मराठी आहेत आणि थोड्या खटपटीने मिळतील अशीच आहेत.

आयुष्यात मोठा बदल झालाय. सेल्फ-हेल्पच्या पुस्तकापासून सुरुवात करू का?

माझं म्हणणं असं, की त्या प्रसंगातून गेलेल्या माणसाने लिहिलेलं आधी वाचा. उपाय सांगणारं पुस्तक नंतर घ्या. घडी विस्कटलेली असताना ‘पहाटे पाचला उठा, ध्येयं लिहून काढा’ असं वाचलं की अंगावर आणखी एक काम पडतं, आणि ते जमलं नाही की वर अपराधी वाटतं. आत्मचरित्रात भेटणारं माणूस आपल्याइतकंच गोंधळलेलं असतं. ते चिडतं, रुसतं, चुकीच्या माणसावर विश्वास टाकतं आणि तरीही पुढे जगतं. वाचणाऱ्याला आधी याचीच गरज असते.

याबाबतीत मराठी वाचक भाग्यवान आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ आपल्याकडे माणसांनी, त्यातही बायकांनी, स्वतःच्या आयुष्याबद्दल हातचं न राखता लिहिलं आहे. ही पुस्तकं ‘व्यक्तिमत्त्व विकास’ असं लिहिलेल्या कपाटात सापडत नाहीत. ती आत्मचरित्रांत, कवितांत, नाटकांत असतात, म्हणून तर ती कुणी सुचवत नाही.

उपायांच्या पुस्तकांपैकी इंग्रजी वाचणाऱ्यांना मी विल्यम ब्रिजेस यांचं ‘ट्रान्झिशन्स’ (१९८०) आवर्जून देते. बदल बाहेर घडतो आणि तो पचायला आतून वेगळा वेळ लागतो, हे त्यांचं मुख्य सांगणं. आधी काहीतरी संपतं, मग एक रिकामा, दिशाहीन काळ येतो आणि त्यानंतर नवं सुरू होतं. मधल्या रिकाम्या काळात आपलं काहीतरी बिघडलंय असं वाटतं, पण तो काळ या प्रवासाचाच भाग असतो. एवढं कळलं तरी बरीच घालमेल कमी होते.

मुलगा बारावीनंतर गावाकडून कोल्हापुरात शिकायला आलाय. रूमवर एकटा असतो, गप्प झालाय. त्याला काय देऊ?

आनंद यादवांचं ‘झोंबी’ (१९८७). कागलचं पोर, म्हणजे आपल्या शेजारचंच. वडिलांनी शाळेतून काढून शेतीला जुंपलेलं आणि त्याला तर शिकायचंय. आई आणि मुलगा दोघं मिळून गावातल्या वजनदार माणसाकडे जातात. त्यांच्या शब्दावर वडील कबूल होतात, पण अटी घालून: सकाळी अकरापर्यंत रानात राबायचं, दप्तर रानातच न्यायचं आणि तिथूनच शाळा गाठायची. शाळा सुटली की पुन्हा गुरं.

त्यातला एक भाग मी लोकांना मुद्दाम उघडून दाखवते. मराठीचे सौंदलगेकर मास्तर कविता चालीवर म्हणून, हावभाव करून शिकवतात. मुलगा मग रानात पाणी पाजताना त्या कविता एकट्यानेच मोठ्याने म्हणू लागतो. आधी एकटेपण त्याला खायला उठायचं. आता एकटं असलेलंच बरं वाटतं, कारण मोकळ्या आवाजात गाता येतं, नाचता येतं. कागद-पेन्सिल जवळ नसली की तो म्हशीच्या पाठीवर काठीने ओळी लिहितो. रूमवर एकट्या बसलेल्या मुलाने हे वाचायला हवं. पुस्तक आवडलं तर ‘नांगरणी’, ‘घरभिंती’ आणि ‘काचवेल’ हे पुढचे भाग आहेतच.

दुसरं पुस्तक किरण गुरव यांचं ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’. २०२१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला हा कथासंग्रह. लेखक आपल्याच जिल्ह्यातले, त्यामुळे भाषा, माणसं, कॉलेजातला बुजरेपणा सगळं ओळखीचं वाटतं. खेड्यातून शिकायला बाहेर पडलेल्या मुलाची घालमेल इतक्या जवळून क्वचितच लिहिली गेली आहे.

नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) देताना मात्र विचार करा. खानदेशातून पुण्याला आलेल्या पांडुरंग सांगवीकरचं उदास, तिरकस बोलणं त्या वयात फार भिडतं, पण आधीच खचलेल्या मुलाला ती अधिक खोल नेऊ शकते. धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग तर मोठ्यांनाही सहज झेपत नाही. जरा स्थिरावला की द्या. तेव्हा ती त्याला आयुष्यभर पुरेल.

आणि त्याला हेही सांगा, की शिकायला गाव सोडून या शहरात येणारा तो पहिला नव्हे. शाहू महाराजांनी १९०१ पासून इथे वसतिगृहं काढायला सुरुवात केली ती अशाच पोरांसाठी.

लग्नाला वर्ष झालं. सासर चांगलं आहे, तरी स्वतःला हरवल्यासारखं वाटतं. असं कुणी लिहिलंय का?

लिहिलंय, आणि फार पूर्वी. रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली आलं. अकराव्या वर्षी लग्न झालं, नवरा बत्तीस वर्षांचा आणि मोठा विद्वान. तो शिकवतो म्हणून घरातल्या बायका टोचून बोलतात, आणि ही मुलगी दोन्हीकडे सांभाळत शिकत राहते. काळ पार बदलला आहे. पण नवरा चांगला असूनही घरात आपली जागा आपल्यालाच कशी करावी लागते, याचं त्यातलं चित्र आजही जिवंत आहे.

बाया कर्व्यांचं ‘माझे पुराण’ (१९४४) त्याला जोडून वाचा. विधवा असताना १८९३ साली त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि त्याची किंमत दोघांनी वर्षानुवर्षं मोजली. बाई रोखठोक आहेत, वाचताना उभारी येते.

सुनीता देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) पहिल्या वर्षात नको, पाच-सात वर्षांनी वाचा. सहजीवनाचा इतका सडेतोड हिशेब समजायला स्वतःच्या संसाराचे थोडे पावसाळे पाठीशी हवेत.

बाळंतपणानंतर वाचायला सवडच नाही. तरी काही सुचवाल?

‘बहिणाबाईंची गाणी’. एक गाणं दोन मिनिटांत वाचून होतं, बाळाला थोपटताना म्हणताही येतं. आणि वाचनापेक्षा महत्त्वाचं एक सांगते. बाळंतपणानंतर दोन आठवडे उलटले तरी सतत रडू येत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर ‘होतं असं’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांना सांगा. घरच्यांनीही हे लक्षात ठेवावं.

एमआयडीसीतली नोकरी गेली. घरी बसून डोकं फिरायची वेळ आलीय.

शिरोलीतून, गोकुळ शिरगावातून, उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून हा प्रश्न येतोच. व्हिक्टर फ्रँकल या व्हिएन्नाच्या मनोविकारतज्ज्ञाचं १९४६ चं पुस्तक ‘अर्थाच्या शोधात’ या नावाने मराठीत आहे. नाझी छळछावण्यांत त्यांनी आई, वडील, भाऊ, बायको गमावली. पुस्तकाचा पहिला भाग छावणीतले दिवस सांगतो आणि त्यांची उपचारपद्धती त्यानंतर येते. आधी अनुभव, मग उपाय, हा क्रम मला फार योग्य वाटतो. आयुष्याचा अर्थ काय, असं आपण आयुष्याला विचारायचं नसतं, आयुष्यच रोज आपल्याला विचारत असतं आणि उत्तर कृतीने द्यायचं असतं, असं ते म्हणतात. नोकरी गेलेल्या माणसाला यातून सकाळी उठायला कारण सापडू शकतं. छावणीच्या दुःखाशी स्वतःचं दुःख तोलत बसू नका. फ्रँकलही तसं करायला सांगत नाहीत.

दुसरी वाट अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांची. प्रसंग आपल्याला जितका त्रास देतो त्याहून जास्त त्रास प्रसंगाबद्दलचा आपला हट्टी समज देतो, हे त्यांच्या पद्धतीचं मूळ. ‘नोकरी गेली’ ही घटना झाली. ‘माझ्यावर ही वेळ येताच कामा नये होती, आता मी कवडीमोल’ हे आपण स्वतःशी म्हणतो. दोन्ही वेगळं करायला शिकायचं. डॉ. आनंद नाडकर्णींचं ‘स्वभाव-विभाव’ हे सारं घरगुती उदाहरणांतून समजावतं, आणि कादंबरी आवडत असेल तर अंजली जोशी यांचं ‘मी अल्बर्ट एलिस’ आहे. ही पुस्तकं वहीपेन घेऊन वाचायची. नुसती चाळली तर हाती काही लागत नाही.

घरातलं माणूस गेलं. दुःखाचे पाच टप्पे असतात म्हणे. ते पुस्तक आहे का?

तुमच्या दुःखात मी सहभागी आहे. पण त्या पाच टप्प्यांबद्दल (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) आधी नीट सांगते, कारण त्याने बरीच माणसं स्वतःला छळतात. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली ते मांडले ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. स्वतःचं मरण समोर दिसणाऱ्या माणसांचे ते अनुभव होते. मागे राहिलेल्यांना ते पुढे सरसकट लावले गेले. तेव्हा ‘मला राग आलाच नाही’ किंवा ‘वर्ष झालं तरी स्वीकार होत नाही’ म्हणून तुमचं काही चुकत नाही. शोकाला वेळापत्रक नसतं.

दिवसकार्य होईपर्यंत पुस्तक नको. त्या दिवसांत माणसं हवीत, वेळेवर जेवण हवं, झोप हवी. नंतर कधीतरी रात्री घर शांत झाल्यावर काही वाचावंसं वाटलं तर इंदिरा संतांच्या कविता घ्या. बेळगावात राहणाऱ्या या कवयित्रीचे पती १९४६ साली गेले. त्यानंतर आलेल्या ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’ या संग्रहांत ती उणीव कुठेही आक्रोश न करता उतरली आहे. पाऊस, अंगण, दिवा, वाट अशा रोजच्या गोष्टींतून ती बोलते. एका बैठकीत एकच कविता वाचा, पुरे.

तुकोबांची गाथा घरात असेलच. दुष्काळात त्यांच्या घरातली माणसं गेली, व्यवसाय बुडाला. हे ठाऊक असलं की देवाशी भांडणारे त्यांचे अभंग वेगळे ऐकू येतात. देवावर रागावलेल्या माणसाला मी गाथा नक्की देते.

एक विनंती. शोकात असलेल्या घरी ‘मृत्यूनंतर काय’ छापाची पुस्तकं भेट म्हणून नेऊ नका. मागितली तर वेगळं.

घटस्फोट झालाय. लोकांच्या नजरेचा त्रास होतो. काही वाचण्यासारखं?

गौरी देशपांडे. ‘एकेक पान गळावया’मधल्या दीर्घकथांपासून सुरू करा. त्यांच्या बायका नात्यात असोत की नात्याबाहेर, स्वतःच्या डोक्याने विचार करतात आणि त्याबद्दल माफी मागत नाहीत. पुरुष सभासदांनाही मी हेच देते. या विषयावर पुरुषांनी मनमोकळं लिहिलेलं मराठीत फार कमी आढळतं, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

अटॅक येऊन गेला. आता भीती वाटते.

डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ (२०००). दुसऱ्यांच्या आरोग्यासाठी गडचिरोलीत आयुष्य वाहिलेल्या डॉक्टरला ऐन चाळिशीत हृदयविकाराने गाठलं. आपण स्वतःच्या शरीराकडे कसं दुर्लक्ष केलं हे ते झाकत नाहीत. आहार, चालणं, योग, राग, धावपळ, मरणाची भीती असं सगळं एकेक करून तपासतात. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर जीव असलेल्या आपल्या गावात हे पुस्तक घरोघरी असावं असं मला मनापासून वाटतं. औषधं मात्र आपल्या डॉक्टरांच्याच सल्ल्याने, पुस्तक वाचून बंद करू नका.

मूत्रपिंडाच्या आजारासाठी पद्मजा फाटक यांचं ‘हसरी किडनी’ मागून घ्या. नावाप्रमाणेच आहे.

वडील रिटायर झालेत. निरोप समारंभात ‘नटसम्राट’ भेट द्यायचा विचार आहे.

कृपा करून देऊ नका. शिरवाडकरांचं हे नाटक थोरच आहे. पण निवृत्त झाल्यावर सगळं मुलांना वाटून टाकणारा आणि मग घराला पारखा झालेला आप्पासाहेब बेलवलकर हा निवृत्तीच्या दिवशी हातात द्यायचा माणूस नव्हे. घरातल्या मुलांनी ते वाचावं.

वडिलांना दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ (१९५६) द्या. बारा मराठी महिन्यांवर बारा लेख. त्या त्या महिन्याचा लेख त्या त्या महिन्यातच वाचायचा आणि मग बाहेर पडून बघायचं. रंकाळ्यावर फिरायला जातातच ना, किंवा विद्यापीठाच्या आवारात झाडी भरपूर आहे. चैत्रातली पालवी, वैशाखातला बहावा, भाद्रपदातलं गवत पाहायला लागलं की ऑफिस सुटल्याने मोकळा पडलेला दिवस भरू लागतो. आमचे एक निवृत्त सभासद समासात पेन्सिलीने तारखा घालतात, अमुक फूल अमुक ठिकाणी दिसलं म्हणून. वाचनालयाच्या प्रतीवर लिहायची परवानगी नसते, म्हणून त्यांनी स्वतःची प्रत विकत घेतली.

आईवडील खूप थकलेत आणि पुढचे निर्णय तुमच्यावर आलेत, तर अतुल गावंडे यांचं इंग्रजी ‘बीइंग मॉर्टल’ (२०१४) वाचा. आपल्या विदर्भातल्या उटी गावच्या आजोबांचं म्हातारपण आणि अमेरिकेतली म्हातारपणाची व्यवस्था ते शेजारी शेजारी ठेवतात, आणि शेवटी स्वतःच्या डॉक्टर वडिलांच्या आजारपणाबद्दल लिहितात. उपचार किती करायचे हा प्रश्न विचारायला घरी कुणीच धजत नाही. तो कसा विचारावा हे त्यातून शिकता येतं.

खांडेकरांची ‘ययाति’ कोणत्या वयात वाचावी?

कॉलेजात सगळे वाचतात, पण पंचेचाळिशीत पुन्हा वाचा. मुलाचं तारुण्य मागून घेणारा बाप तेव्हा खरा कळतो. शर्मिष्ठा आणि देवयानी यांची निवेदनंही त्या वयात वेगळी भासतात. खांडेकरांनी स्वतः किती बदल पचवले ते पाहा. जन्म सांगलीचा, दत्तक गेल्यामुळे नाव बदललं, ऐन तारुण्यातली वर्षं शिरोड्याच्या शाळेत गेली आणि १९३८ नंतर कोल्हापूर. शिवाजी विद्यापीठात त्यांचं स्मृती संग्रहालय आहे, मुलांना घेऊन जाऊन या.

पुरात घर गेलं. पुस्तकं पण भिजली.

२०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी सोसला त्यांना काय वाचा म्हणून सांगायचं, असं मला बराच काळ वाटायचं. कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ ही कादंबरी आता मी देते. तिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे, लेखक पन्हाळा भागातले. धरणामुळे उठवलेली माणसं आणि मागे सुटलेली म्हैस, यांची ती गोष्ट. जागा बदलली की माणसाचं आणि जनावराचं आत काय होतं, ते तिच्यात आहे. प्रयाग चिखली, आंबेवाडी या पूरग्रस्त गावांतल्या वाचकांनी तर जरूर वाचावी.

भिजलेल्या पुस्तकांचं असं करा: ओली पानं ओढून सोडवू नका, फाटतात. पुस्तक उभं करून पानं किंचित पसरू द्या, सावलीत पंख्याखाली ठेवा, मधे मधे कोरे कागद घालून ते बदलत राहा. उन्हात टाकलं तर पुस्तक वेडंवाकडं होतं. दोन दिवसांत सगळी सुकवणं शक्य नसेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा, बुरशी थांबते. मग सवडीने एकेक काढून वाळवा.

वाचायचं लई मनात असतं, पण दोन पानांवर लक्ष टिकत नाही.

मनावर ताण असताना असं होतंच. कादंबरी बाजूला ठेवा. कविता, पत्रं, छोटे लेख घ्या. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून दहा मिनिटं मोठ्याने वाचा, आपलाच आवाज लक्ष धरून ठेवतो. डोळ्यांना त्रास असेल तर मराठी पुस्तकं ऑडिओवरही पुष्कळ आहेत, ऐकणं हेही वाचनच. आणि पुस्तक आवडलं नाही तर खुशाल परत करा. अर्धवट सोडलं म्हणून कुणी रागावत नाही.

पुस्तकाने भागणार नाही हे कसं ओळखायचं?

झोप आणि भूक उडून आठवडे झाले, रोजची कामं होत नाहीत, दारू वाढली, जगू नये असे विचार येतात, यातलं काहीही असेल तर पुस्तक थांबवा आणि माणसाशी बोला. सरकारची टेलि-मानस ही मोफत फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते, मराठीतून बोलता येतं. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. मनाच्या आजाराला औषध घेणं हे मधुमेहाला औषध घेण्याइतकंच साधं आहे, आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

ही पुस्तकं कोल्हापुरात कुठे मिळतील? सगळी विकत घेणं परवडत नाही.

घेऊच नका सगळी. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे. १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालयांचा कायदा केला, तो भारतातला पहिला. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर १९६७ ला आला. म्हणजे वाचनालय हा इथला जुना हक्क आहे, तो वापरा. तालुक्यांत आणि मोठ्या गावांत शासनमान्य ग्रंथालयं आहेत. वर्गणी थोडी असते, अनामत परत मिळते. हवं ते पुस्तक नसेल तर मागणी वहीत नोंदवा. पुढच्या खरेदीच्या वेळी ती वही आम्ही खरोखर उघडतो.

वेळ कमी आहे. एकच पुस्तक सांगा.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. हे आत्मचरित्र १९३४ पासून चार भागांत आलं.

वर विचारलेले जवळजवळ सगळे प्रश्न या एका बाईच्या आयुष्यात येऊन गेले. कडक सोवळ्याच्या घरात बालपण, लहानपणी लग्न, नवरा बुद्धिमान पण लहरी आणि कधीही घर सोडून निघून जाणारा. १८९५ मध्ये रेव्हरंड टिळक ख्रिस्ती झाले आणि लहान मुलाला घेऊन ही मागे राहिली. पुढे नवऱ्याजवळ राहायला गेली तरी सुरुवातीला तिने आपलं सोवळं सोडलं नाही, स्वयंपाक-पाणी वेगळं ठेवलं. मग स्वतःशीच विचार करत करत तिने जातिभेद टाकून दिला, आणि १९०० साली स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. कुणाच्या धाकाने नाही, मागे लागण्याने नाही. मन कसं, किती सावकाश आणि किती प्रामाणिकपणे बदलतं याचं याहून चांगलं वर्णन मी वाचलेलं नाही. आणि हे सगळं हसत हसत. शाळेत न गेलेल्या बाईची भाषा अशी, की पान मिटवत नाही.

संक्षिप्त आवृत्तीही मिळते, पण शक्य असेल तर पूर्ण मागा. जाड आहे म्हणून घाबरू नका, प्रसंग छोटे छोटे आहेत. आणि पंधरा दिवसांत संपलं नाही तर मुदत वाढवून घ्या, त्यासाठी नुसता फोन केला तरी चालतो.